नितळ पाण्यातला आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वर्धा जिल्ह्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. गावात गेलो की ‘पाणीवाले साहेब’ आले म्हणतात. साहेब वगैरे मी कुणी नाही. एका खांद्याला बर्फाची पेटी, दुसऱ्या हातात बाटल्यांची पिशवी, असा माझा थाट असतो.

विहिरीपाशी पोचलो की पहिला प्रश्न ठरलेला: “कसं आहे जी आमचं पाणी?” आणि मी तोंड उघडण्याआधी उत्तरही तयार असतं: “डाळ शिजते बरं!” आमच्याकडे पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. डाळ शिजली, साबणाला फेस आला, म्हणजे पाणी चांगलं. ही परीक्षा खोटी नाही. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, म्हणजे पाणी जड असलं, की डाळ बोटचेपी व्हायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत आम्ही तेच मोजतो. नमुन्यात लालसर रंग टाकायचा आणि वरून थेंबाथेंबानं द्रावण सोडायचं. लाल पाणी एका थेंबाला निळं होतं. किती द्रावण लागलं यावरून जडपणा कळतो. इतक्या वर्षांनंतरही तो शेवटचा थेंब बघायला मला आवडतो.

पण डाळीला न कळणारी एक गोष्ट आहे, नायट्रेट. त्याला पाण्यात ना रंग, ना वास, ना ओळखू येईल अशी चव. डाळ शिजते, चहा फर्मास होतो, पेल्याच्या तळाची नक्षी दिसावी इतकं पाणी नितळ असतं. आणि यंत्रावर आकडा येतो शंभराच्या वर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात, नायट्रेट फार आढळलं अशा देशातल्या १५ जिल्ह्यांची नावं आहेत. त्यातले सात महाराष्ट्रातले: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. वर्ध्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी दहातले नऊ मर्यादेबाहेर निघाले. हे नमुने भूजलाचे आहेत. म्हणजे तुमच्या घरचा नळ तसाच असेल असं नव्हे. पण ज्या घरी हातपंपाचं किंवा अंगणातल्या विहिरीचं पाणी पितात, त्यांनी हा आकडा कानाआड करू नये.

धोका कुणाला? धडधाकट मोठ्या माणसाचं शरीर बरंचसं नायट्रेट लघवीवाटे बाहेर टाकतं. खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तोही बाळ वरच्या दुधावर असेल तेव्हा. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. ओठ, नखं निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉक्टर हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरींचं पाणी आणि तान्ह्या मुलांचा हा आजार यांचा संबंध १९४५ साली मांडला. तिथेही विहिरी शेतकऱ्यांच्याच, आणि आसपास गोठे होतेच.

सेलू तालुक्यातल्या एका गावात पावसाळ्यानंतरचे नमुने घेत होतो. हातपंपावर एक तरुण बाई पाणी भरत होती. आधीच्या तपासणीत त्या पंपाचा आकडा ११२ आला होता. घरी तीन महिन्यांचं बाळ, अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरीचं सुरू केलेलं. मी विचारलं, “वहिनी, दुधाला पाणी कोणतं घेता?”

“हेच जी. पण मी चांगलं उकळूनच देतो,” ती म्हणाली. आमच्याकडे बायका ‘देतो’, ‘जातो’ असंच बोलतात.

तिनं केलं ते बरोबरच होतं. उकळल्यानं जंतू मरतात. पण नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि ते भांड्यातच राहतं. दोन लिटर पाणी आटून दीड लिटर झालं, तर ११२चे जवळजवळ १५० होतात. म्हणजे जितकी काळजी जास्त, तितका आकडा मोठा. टीसीएल पावडर, तुरटी, कँडलचा फिल्टर यांनीही ते निघत नाही. आरओ यंत्र बरंचसं काढतं, पण ते किती घरी असणार?

तिची सासू ऐकत होती. “माह्ये पाच लेकरं याच पान्यावर वाढले. कोनाले काई नाई झालं.”

“माय, लेकरांना तेव्हा दूध कोणतं पाजलं?”

“आंगावरचंच. दुसरं कुठून आनाव?”

“आणि युरियाच्या गोण्या किती यायच्या घरी?”

म्हातारी जरा थांबली. म्हणाली, “तवा कुठचा युरिया बापा!” मग तिनंच मला गाठलं: “हे तुमाले ठावं होतं, त आमाले आतापावतर काऊन नाई सांगितलं?”

अहवाल आठ महिन्यांपूर्वीच गावात पोचला होता आणि फायलीत लागला होता. गावाला हिरवं कार्डही मिळालेलं होतं. लाल, पिवळं, हिरवं ही कार्डं स्वच्छता सर्वेक्षणाची असतात. स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा वापर बघून, साथीचा धोका किती हे ती सांगतात. नायट्रेटचा आकडा कार्डावर नसतो, तो अहवालाच्या कागदावर असतो. हिरवं कार्ड बघून गाव निर्धास्त झालं, यात गावाचं काय चुकलं? कागद वाचून दाखवणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सार्वजनिक विहिरीचा आकडा ३८ होता. त्या दिवसापासून बाळासाठी आणि पिण्यासाठी त्या घरी तिथलं पाणी येऊ लागलं. लांब पडतं, पण म्हातारी स्वतः कळशी घेऊन जायची.

इतकं नायट्रेट येतं कुठून? नमुना घ्यायला गेलो की मी आधी विहिरीला एक चक्कर मारतो. कुठे उकिरडा लागून असतो, कुठे आखर, कुठे संडासाचा शोषखड्डा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून थेट खालच्या मुरुमात उतरतं. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, ते पाण्याबरोबर जातं. पुढे काळ्या दगडाच्या चिरांतून कुठल्या विहिरीत निघेल, सांगता येत नाही. म्हणून खड्डा विहिरीपासून दहा-पंधरा मीटर दूर असला तरी मी निश्चिंत होत नाही. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. मैला मातीआड करा, त्याचं खत करा, हे ते सांगत आले. खताचा तो धडा आपण घेतला, खताची जागा मात्र विहिरीशेजारीच ठेवली.

आणि युरिया. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस किलोच्या वर नत्र असतं. मी एकदा हिशेब मांडला. ते सगळं नायट्रेट होऊन खाली उतरलं, तर सुमारे वीस लाख लिटर स्वच्छ पाणी ४५च्या रेषेपर्यंत नेईल. सगळं उतरत नाही, पीक बरंच घेतं. पण जोराच्या पावसाआधी एकदम फेकलेली गोणी पऱ्हाटीपेक्षा विहिरीच्याच जास्त कामी येते. तीच मात्रा दोन-तीन वेळा विभागून, ओल बघून दिली तर पैसाही वाचतो. हे कृषी सहायक सांगतात, मी फक्त दुसऱ्या टोकाचा आकडा दाखवतो.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्यात गावागावांतल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या गावात शिकवायला मीच गेलो होतो. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, कारण ती निर्जंतुक केलेली असते आणि क्लोरीन मारणारं औषध आत असतं. एकीनं विचारलं, “भाऊ, पंप आधी काऊन हापसायचा?” नळीत उभं राहिलेलं पाणी निघून जावं म्हणून, मी म्हटलं. त्यानंतर तिनं इतका वेळ पंप हापसला की बाकीच्या हसायला लागल्या. संचातल्या रंगपट्टीवरून आकडा अंदाजे कळतो. पट्टी गडद दिसली की त्या नमुना आमच्याकडे पाठवतात.

या बायांनी आकडे देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहायला सुरुवात केली: विहीर, तारीख, आकडा. पंपालगतचा उकिरडा दोन शेतकऱ्यांनी कुरबुर करत का होईना, हलवला. दोन पावसाळे गेले. त्या पंपाचा नमुना मी पुन्हा तपासला, ११२चा ९६ झाला होता. भिंतीवर आता ९६ लिहिलं आहे आणि खाली कुणीतरी जाड अक्षरात लिहिलं आहे: ‘भांडी, कपडे, गुरं. प्यायला नाही.’