दाढदुखी आणि औषधाच्या चिठ्ठीतील अध्याहृत



व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून मला दोनदा विचारले, ‘दाढदुखी हे एखाद्या नव्या कवितासंग्रहाचे नाव आहे काय?’ तसे काही नाही. मी दाढदुखीविषयीच बोलणार आहे, आणि दाढ दुखली म्हणजे जी गोळी लिहून दिली जाते तिच्याविषयी. मी वैद्य नव्हे. उभा जन्म मराठीच्या अध्यापनात गेला. परंतु औषधाची चिठ्ठी हाही एक मजकूर आहे, आणि मजकूर कसा वाचावा हे शिकविण्याबद्दलच मला आयुष्यभर वेतन मिळाले. तेवढ्या अधिकाराने आज उभा आहे.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आम्हांला याच इमारतीत व्याकरण शिकविले. फळ्यावर एक वाक्य लिहावयाचे आणि वळून विचारावयाचे, ‘यात अध्याहृत काय आहे?’ वाक्यात लिहिलेले नाही, पण ज्यावाचून अर्थ पुरा होत नाही, ते शोधून काढावयाचे. त्या वयात आम्हांला तो नुसता खेळ वाटे. पुढे त्याच प्रश्नाचे उत्तर मला एका रुग्णालयाच्या बाकावर बसून शोधावे लागले.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या पत्नीची खालची दाढ ठणकू लागली. (ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि ही हकीकत तिच्या संमतीने सांगतो आहे.) दंतवैद्यांनी दाढ काढली, काम सफाईने केले, आणि चिठ्ठी देण्यापूर्वी रीतसर विचारले, ‘कोणते औषध चालू आहे?’ तिने सांगितले, ‘रक्तदाबाची गोळी आहे, आणि हृदयासाठी एक लहान गोळी.’ डॉक्टर घाईत होते, बाहेर दहा-बारा माणसे खोळंबली होती. चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी आली, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. घरी मी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली, गोळ्या मोजून वाटीत ठेवल्या. पाचव्या दिवशी सकाळी तिला घेरी आली. आदल्या दोन दिवसांपासून शौचास डांबरासारखे काळे होत होते, हे तिने संकोचाने कोणास सांगितले नव्हते. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होत होता. दोन पिशव्या रक्त द्यावे लागले.

पुढे उलगडा झाला तो असा. गुडघेदुखीसाठी ती अधूनमधून एक गोळी घेत असे, आणि त्या आठवड्यात पावसाळी हवेमुळे रोज घेत होती. तीत ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल होते. दाढेसाठी दिलेल्या गोळीत डायक्लोफिनॅक होते. दोन वेगळी व्यापारी नावे, दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या, पण आत एकाच कुळातली दोन भावंडे. आणि हृदयासाठीची ‘लहान गोळी’ म्हणजे ॲस्पिरिन, तीही त्याच कुळातली. एका वाटीत तीन भावंडे मी स्वतःच्या हाताने ठेवीत होतो. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत सारे छापलेले होते. शब्दार्थावर पीएच.डी. मिळविलेल्या गृहस्थाने ते वाचले नाही.

गुडघ्याच्या गोळीचे नाव तिने का सांगितले नाही, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, ‘ते कुठे औषध आहे? ती दुखलं की घ्यायची गोळी.’ मंडळी, या उत्तरात तिची चूक नाही. आपल्या घराघरांत ‘औषध’ म्हणजे वैद्याने नेमून दिलेले, नेमाने घ्यावयाचे. दुखल्यावर घेतो ती ‘गोळी’. डॉक्टरांचा प्रश्न एका अर्थाने विचारला गेला आणि दुसऱ्या अर्थाने ऐकला गेला. प्रश्न असा हवा होता : ‘गेल्या आठ दिवसांत कोणकोणती गोळी पोटात गेली? गुडघ्याची, पाठीची, डोकेदुखीची, सर्दीची, शेजारणीने दिलेली?’ एवढे विचारण्यास अर्धे मिनिट पुरते.

या गोळ्या काय करतात हे थोडक्यात सांगितले पाहिजे. शरीरास इजा झाली की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे वेदना व सूज वाढते. ॲस्पिरिन व तिच्या कुळातील औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. म्हणजे जे दाढेत नको तेच पोटात हवे असते, आणि गोळीला हा भेद कळत नाही. ‘जेवणानंतर घेतली की बाधत नाही’ ही आपली समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. इजा केवळ गोळी जठराला चिकटल्याने होत नाही, ती रक्तावाटेही होते. शिवाय ज्याची दाढ नुकतीच काढली त्याने जेवावे कसे? तो चहावर आणि ताकावर असतो. ‘जेवणानंतर’ लिहिणाऱ्याने ‘पेज किंवा दूध घेऊन’ असे लिहिले तर त्या बिचाऱ्याला वाट तरी सापडेल.

दाढ काढल्यानंतरच्या दुखण्याला एक मर्यादा असते. बधिरतेचे इंजेक्शन काही तासांत उतरते, पहिल्या दिवशी वेदना सर्वांत अधिक असते, आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ती ओसरते. म्हणून सुज्ञ दंतवैद्य पहिली गोळी बधिरता उतरण्यापूर्वीच घ्यावयास सांगतात, पहिला दिवस-दीड दिवस ती ठरावीक अंतराने देतात, आणि गोळ्या मोजक्या लिहितात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर गोळी वाढवावयाची नसते, दवाखान्यात परत जावयाचे असते. खाचेतील रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडलेले असू शकते, आणि त्याचा इलाज दंतवैद्याच्या हातांत असतो. पाच-दहा दिवसांच्या गोळ्या एकदम घरी आल्या म्हणजे हे परत जाणे टळते. उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात आणि पुढे दुसऱ्याच कोणाच्या दुखण्याला, कोणतीही विचारपूस न होता, दिल्या जातात. किटोरोलॅक नावाची, पाण्यात विरघळणारी गोळी आपल्याकडे दातांसाठी फार चालते. ती तर पाच दिवसांच्या पलीकडे देऊ नये असा दंडकच आहे.

मग द्यावे काय? अमेरिकेत दाढ काढल्यावर अफूवर्गीय गोळ्या देण्याची चाल पडली होती. अनेक तरुणांची त्या द्रव्याशी पहिली ओळख अक्कलदाढेच्या निमित्ताने झाली आणि पुढचे अनर्थ सर्वश्रुत आहेत. तेथील दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे पुरस्कारिली त्यांत पहिली पसंती अफूवर्गाला नाही. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम किंवा त्यासारखे औषध, एकटे अथवा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमसह, असा त्यांचा सल्ला आहे. ही दोन साधी औषधे मिळून अल्पकाळच्या दंतवेदनेवर चांगली चालतात, कारण त्यांची कामाची रीत वेगवेगळी आहे. एकाच कुळातली दोन औषधे एकत्र दिली तर आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. हा फरक ध्यानात आला की माझ्या वाटीतली चूक आपोआप दिसते.

अमेरिकेच्या या कथेवर आपण समाधानाने मान डोलवावी असे मात्र नाही. आपल्याकडचा धोका वेगळा आहे. डायक्लोफिनॅक हे चिठ्ठीवाचून विकू नये अशा अनुसूचीतले औषध, पण ‘दाढ दुखते, काहीतरी द्या’ एवढ्यावर ते हाती पडते. ज्या औषधाच्या अवशेषांमुळे गिधाडे मरू लागली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याची बंदी झाली, तेच हे औषध. माणसाला ते तसे मारक नव्हे, पण निरुपद्रवीही नव्हे. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे, तरी नातवाच्या दातासाठी डब्यातली अर्धी गोळी मोडून देणारे आजोबा मी पाहिले आहेत. लहान मुलांस ॲस्पिरिनही देऊ नये.

आता चिठ्ठीतील अध्याहृताकडे येतो. ‘ही गोळी तीन वेळा’ या वाक्यात न लिहिलेल्या किती अटी आहेत पाहा. पोटात व्रण झालेला नसेल तर. दम्याच्या रोग्यास अशा गोळीने पूर्वी धाप लागलेली नसेल तर. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू नसेल तर. मूत्रपिंड धड असेल तर. रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनसारखे औषध आणि लघवी वाढविणारे औषध एकत्र असेल, तर ही तिसरी गोळी मूत्रपिंडावर मोठा ताण आणते, आणि आपल्या वयाच्या कितीतरी मंडळींच्या खिशात नेमकी तीच रक्तदाबाची गोळी असते. स्त्री गरोदर नसेल तर. विशेषतः वीस आठवड्यांनंतर हे कूळ टाळतात आणि पॅरासिटामॉलवर भागवितात. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर तेथेही पॅरासिटामॉलच. पण पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे. निरोगी प्रौढास दिवसाकाठी चार ग्रॅम ही वरची सीमा, आणि कृश, मद्यपी किंवा यकृताच्या रोग्यास त्याहून पुष्कळ कमी. सर्दीच्या गोळीत, तापाच्या गोळीत, गुडघ्याच्या गोळीत तेच दडलेले असते, त्यामुळे सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही.

आणखी एक मौज. अनेक चिठ्ठ्यांवर ‘एस.ओ.एस.’ लिहिलेले असते. आमच्या एका नातेवाइकांनी ते बुडत्या जहाजाच्या हाकेचे चिन्ह समजून, प्राणावर बेतल्याशिवाय गोळी घ्यावयाची नाही असे ठरविले आणि दोन रात्री तळमळत काढल्या. ती तीन अक्षरे लॅटिन आहेत. अर्थ एवढाच की, गरज पडल्यास. ‘टी.डी.एस.’ म्हणजे दिवसातून तीन वेळा. आपल्या या सीमाभागात रुग्ण मराठीत कण्हतो, औषधविक्रेता कन्नडात समजावतो, चिठ्ठी इंग्रजीत असते आणि तिच्यातली आज्ञा लॅटिनमध्ये. भाषेचे वाद आपण पुष्कळ घातले, मीही घातले. पण ‘गरज पडल्यास’ हे दोन शब्द रुग्णाच्या लिपीत लिहावेत, एवढ्यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हावयास हरकत नसावी. खानापूरकडची म्हातारी ‘दाढ ठणकतीया’ म्हणो की ‘हल्लु नोवु’ म्हणो, तिला किती गोळ्या आणि किती दिवस हे तिच्या बोलीत कळले पाहिजे.

उलट दिशेनेही भाषेचे काम आहे. आपल्या मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे आपण दवाखान्यात वापरीत नाही. तेथे गेल्यावर आपण नुसते ‘दुखतंय’ म्हणतो. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात. थंड पाण्याने सणक येते आणि पाणी गिळताच जाते. अशा वेळी दाताचा आतला गाभा बहुधा वाचविता येतो. रात्री आडवे होताच आपोआप ठणका सुरू होतो, कारण गाभा कठीण कवचात कोंडलेला असतो, सुजला तरी पसरू शकत नाही, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो. तेथे गोळीने रात्र निभावते, दात बरा होत नाही. गाभा काढावा लागतो किंवा दात. ठसठस होते, दात उंच झाल्यासारखा वाटतो, तेथे पू असण्याचा संभव. सणक, ठणका आणि ठसठस ही तीन वेगळी निदाने आहेत, आणि आपल्या आज्यांनी ती शब्दांत बांधून ठेवली आहेत. जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर वेदनाशामकाने वेळ काढणे घातक आहे. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

प्रतिजैविक ही वेदनाशामक गोळी नव्हे, हेही जाता जाता सांगतो. गाभ्याच्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही, तरी रुग्ण ते मागून घेतो. लवंगेचे तेल खरोखर बधिरता आणते, त्यातील युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, पण बोळा हिरडीवर तासन्‌तास ठेवल्यास हिरडी भाजते. आणि ॲस्पिरिनची गोळी गालात धरणाऱ्यांच्या गालावर पांढरा चट्टा उठतो. कॉलेजात असताना मी स्वतः तो प्रयोग केला आहे.

गेल्या मार्गशीर्षात पत्नीची आणखी एक दाढ काढावी लागली. या वेळी तिने घरातल्या साऱ्या पट्ट्या, माझ्यासुद्धा, एका कापडी पिशवीत भरल्या आणि दंतवैद्यांच्या टेबलावर ओतल्या. त्या तरुण डॉक्टरबाईंनी एकेक पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचली, गुडघ्याची पट्टी बाजूला काढून ‘मावशी, ही आठ दिवस बंद’ म्हणून सांगितले, आणि ॲस्पिरिन मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नका असे बजावले. मग त्यांनी नुसते पॅरासिटामॉल लिहिले, तीन दिवसांचे, सुटसुटीत मराठी अक्षरांत, सकाळ-दुपार-रात्र असे घर आखून. खाली एक ओळ होती : चौथ्या दिवशी दुखले तर गोळी घेऊ नये, इकडे यावे. चौथ्या दिवशी दुखले नाही. चार गोळ्या उरल्या होत्या, त्या पत्नीने दुकानात परत नेऊन दिल्या, आणि दुकानदार त्या घेईना म्हणून त्याच्याशी पाऊण तास वाद घातला.