गृहपाठ : मुलाचा, घराचा आणि गावाचा

(कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर येथे शिक्षक, पालक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



‘गृहपाठाचे लाभ आणि तोटे’ हा विषय आपण मला दिलात. विषय लहान वाटतो. परंतु संध्याकाळी सातच्या सुमारास या गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी गेल्यास तो किती मोठा आहे हे ध्यानात येते. गोठ्यात धारा काढण्याची घाई असते, डेअरीला दूध घालायचे असते, वैरण टाकायची असते, आत भाकरी भाजल्या जात असतात. या सर्व लगबगीत सोप्यात एका कडेला बसून मूल वहीत काहीतरी लिहीत असते. ते काय लिहीत आहे, कशासाठी लिहीत आहे आणि ते उद्या कोण वाचणार आहे, हे तीन प्रश्न आज आपल्यासमोर ठेवण्याचा माझा मानस आहे.

या प्रश्नांचा विचार कोल्हापूरच्या भूमीत होणे विशेष उचित आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ साली चिखली येथे त्या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंडाचीही तरतूद होती. शेतावर राबणाऱ्या घराकडून राज्याने मुलाचा दिवस मागून घेतला आणि त्या बदल्यात शिक्षक, इमारत व खर्च यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. गृहपाठ देताना शाळा घराकडून मुलाची संध्याकाळही मागते. या मागणीच्या बदल्यात कोणी कोणती जबाबदारी घेतली आहे, याचा हिशेब मात्र आपण फारसा मांडलेला नाही.

लाभ कोणते?

गृहपाठ निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. पाढे, शुद्धलेखन आणि वाचन यांना सरावावाचून गत्यंतर नाही. वर्गात उमगलेले गणित दुसऱ्यांदा एकट्याने सोडविल्यावरच आपलेसे होते. ठरावीक वेळी बसून, कोणी न सांगता काम पुरे करण्याची सवय पुढे जन्मभर उपयोगी पडते. मूल काय शिकते हे पालकांना वहीतूनच दिसते.

तथापि हा लाभ सर्व वयांत सारखा नसतो. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध केला. गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढच्या वर्गांत अधिक दृढ, तर त्याखालच्या वर्गांत बराच क्षीण असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे ज्या वयात आपण दप्तरे अधिकाधिक भरतो, त्याच वयात त्यांचे फळ सर्वांत कमी असते.

तोटे कोठे होतात?

येथे मी स्वतःची चूक सांगतो. मी शिक्षक असताना माझ्या वर्गात पन्नास मुले होती. तीन विषयांचा गृहपाठ मी रोज देत असे. एका वहीस दोन मिनिटे दिली तरी दीडशे वह्यांना पाच तास लागतात. ते मला कधीच शक्य झाले नाही. मी पानाच्या तळाशी सही करून वही परत देत असे. उत्तरे चुकलेली असोत वा दुसऱ्याची उतरविलेली असोत, सही सारखीच. मुलांना हे माझ्या आधी कळले होते. न तपासलेला गृहपाठ मुलाला आळशी करीत नाही. काम कसेही करून दाखविले म्हणजे पुरे, हे तो त्याला शिकवितो.

दुसरा तोटा याहून गंभीर आहे. शाळेत सर्व मुलांना एक फळा आणि एक शिक्षक असतो. घरी तसे नसते. एका घरात शिकलेले आईवडील, स्वतंत्र टेबल आणि शिकवणी असते. दुसऱ्या घरात एकच खोली आणि एकच दिवा असतो. गळीत हंगामात या परिसरात येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोपीत तेही नसते. तरीही सकाळी दोन्ही वह्यांना एकच माप लावले जाते. २०१२ साली अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तीत संपन्न घरांतील मुले गृहपाठाला आठवड्यास सरासरी ५.७ तास, तर वंचित घरांतील मुले ४.१ तास देत असल्याचे आढळले. शाळेने कमी करावयाचे अंतर गृहपाठ वाढवू शकतो, ही गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये.

शासनाचे धोरण

या प्रश्नाकडे देशपातळीवर दुर्लक्ष झालेले नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ च्या अहवालात सुचविले की, प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातील शोधाखेरीज गृहपाठ देऊ नये आणि वरच्या वर्गांचा गृहपाठही पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीस आठवड्यास जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीस दिवसास एक तास आणि नववीपासून पुढे दिवसास दोन तास अशी मर्यादा आहे. आपल्या शाळेत ही मर्यादा पाळली जाते काय, हे विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

‘घरच्या परिसरातील शोध’ म्हणजे काय, हे कोडोलीत वेगळे सांगावयास नको. दूध संस्थेच्या पुस्तकात लिटर, फॅट आणि दर लिहिलेले असतात. दहा दिवसांचे बिल मुलाने स्वतः काढून पाहावे. दशांश अपूर्णांकाचा याहून चांगला पाठ नाही. आजीकडून जुन्या पेरणीची माहिती लिहून घ्यावी. उसाच्या वजनाच्या पावत्यांची बेरीज करावी. अशा गृहपाठात निरक्षर आईही शिक्षिका होते, आणि वह्या एकमेकींवरून उतरविता येत नाहीत.

गावाचे कर्तव्य

आता पंचायत सदस्यांना विनंती. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक साधा निश्चय केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढील दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन अथवा संवाद करावा, असे ठरले. यासाठी मोठा निधी लागला नाही. गावाने एकमताने आपली संध्याकाळ मुलांना दिली.

आपण एक पाऊल पुढे जावे. भोंग्याने शांतता मिळते. परंतु ज्या घरात जागाच नाही त्याला शांतता पुरत नाही. शाळेची एक खोली किंवा समाजमंदिर संध्याकाळी दोन तास उघडे ठेवावे, तेथे पुरेसा उजेड, सतरंज्या व पिण्याचे पाणी असावे आणि गावातील महाविद्यालयीन युवक-युवतींनी पाळीपाळीने देखरेख करावी. ग्रामपंचायत विकास आराखड्यात यासाठी तरतूद सुचविता येईल. मुलींना घरी पोहोचविण्याची व्यवस्था मात्र आधी करावी. अन्यथा ही खोली केवळ मुलग्यांची होईल. हंगामात कोपीवरची मुलेही तेथे यावीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, जेवढे तपासता येईल तेवढेच द्यावे, आणि मुलाला एकट्याने करता येईल तेच द्यावे. आठवड्यातून एक वही मनापासून वाचून तिच्यात दोन ओळी लिहिल्या, तर त्या सहा सह्यांहून मोलाच्या ठरतील. पालकहो, उत्तर सांगू नका. मुलाजवळ बसा आणि ‘आज काय शिकलास?’, ‘आज काय शिकलीस?’ एवढेच विचारा. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही.

शाहू महाराजांनी मुलाचा दिवस मागताना राज्याची जबाबदारी मान्य केली होती. मुलाची संध्याकाळ मागताना शाळेने आणि गावाने आपापली जबाबदारी मान्य करावी. हे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी गृहपाठ मुलाला ओझे वाटणार नाही.