आधी पडायला शिकवा

  राज्यभरातल्या प्रशिक्षकांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी आता वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा. पण स्पर्धांचे निकाल, शाळांतले नवे वर्ग, बेल्ट परीक्षेला बसलेल्या मुलांची संख्या हे सगळं चिटणिसांच्या अहवालात आलेलं आहे. त्या अहवालात जे नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे. ही गोष्ट बरीच वर्षं मनात साचून राहिली आहे. आपण मुलांना ठोसा शिकवतो, लाथ शिकवतो, काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, घोटून घेतो, कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभं करतो. पडायला मात्र शिकवत नाही. ज्युदोच्या आणि कुस्तीच्या मंडळींना हे लागू नाही, असं त्यांनी इतक्यात समजू नये. त्यांच्याकडेही येतोच आहे.

मूल मागच्या बाजूला पडतं तेव्हा काय होतं, ते आधी पाहू. आपसूक हात मागे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेलं वाढीची कूर्चा हाच सर्वांत नाजूक भाग. मोठ्यांचा जिथे अस्थिबंध दुखावेल, तिथे मुलाला हाडाचीच इजा होते. दुसरीकडे, शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि मान कोवळी, त्यामुळे हनुवटी वर जाते आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळते. यावरचा उपाय साधा आहे. मुलाला मॅटवर उकिडवं बसवायचं, हनुवटी छातीशी आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायला सांगायचं, पाठ गोल करून मागे लोळवायचं आणि त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, मॅटवर आपटायला लावायचे. डोकं टेकता कामा नये. हे जमलं की अर्ध्या बैठकीतून, मग उभ्याने, मग कडेला, मग पुढे गोलांटीतून. घाई न करता याला काही महिने जातात. या काळात पालकांना दाखवण्यासारखं काही घडत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. काताचा फोटो निघतो, फळी फोडल्याचा व्हिडिओ निघतो; नीट पडलेल्या मुलाचं कौतुक स्नेहसंमेलनात कोण करणार?

शिकवण्याची पद्धत बदला म्हटलं की परंपरेचं कारण पुढे केलं जातं, म्हणून परंपरेकडेच जाऊ. जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. त्यांनी 1882 मध्ये कोदोकानची स्थापना केली आणि उकेमीला, म्हणजे पडण्याच्या तंत्राला, ज्युदोचा पाया मानलं. आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे ओकिनावाच्या शाळांत नेलं, तेव्हा मुलांना झेपावेत म्हणून पिनान काता वेगळे रचले. मोठ्यांची विद्या मुलांसाठी बदलावी लागते, हे या दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. आणि आज आपण ज्यांचा बाजार मांडला आहे ते रंगीबेरंगी पट्टे? ते युरोपातल्या ज्युदोच्या वर्गांत रुळले आणि तिथून सगळीकडे पसरले. त्यांना प्राचीनतेचं कवच नाही, तेव्हा परीक्षेत काय तपासायचं हे बदलायला आपण मोकळे आहोत. आपल्या कुस्तीच्या तालमीतही रोज माती उकरून भुसभुशीत करायची आणि मगच लढत धरायची, ही रीत आहे. पडणाऱ्याची काळजी त्या मातीतच होती. तीच कुस्ती आपण पातळ मॅटवर आणि शाळेच्या फरशीवर आणली, तेव्हा मातीने पेललेलं काम कोणी करायचं, हे ठरवायला विसरलो.

कोणी म्हणेल, उकेमीचा एवढा गौरव करता, मग जपानचं काय? प्रश्न रास्त आहे. 1983 पासूनच्या तीन दशकांत जपानमधल्या शाळांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुलं दगावली. बहुतेकांच्या डोक्याला इजा झाली होती आणि मृतांत शाळेत पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांचं प्रमाण मोठं होतं. म्हणजे पडण्याचं तंत्र अंगात मुरण्याआधीच ज्यांना फेकलं गेलं, ती ही मुलं. 2012 मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, त्या सुमारास या आकड्यांवरून मोठी ओरड झाली, प्रशिक्षकांवर बंधनं आली आणि पुढची काही वर्षं असा एकही मृत्यू झाला नाही. फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारी मुलं प्रचंड संख्येने आहेत आणि तिथे 1955 पासून ज्युदो शिकवायला सरकारी पदविका लागते. उकेमी नुसती अभ्यासक्रमात असून भागत नाही. ती पक्की झाल्याशिवाय पुढे न नेणारा शिक्षक लागतो. ज्युदोवाल्यांनो, दोन आठवड्यांत उकेमी उरकून मुलांना रांदोरीला, म्हणजे मुक्त सरावाच्या लढतीला, उतरवणं आपल्याकडेही चालतं, ते थांबलं पाहिजे.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा. मुलींवरच्या अत्याचारांच्या बातम्यांनी पालक धास्तावलेले आहेत. त्यांना चटकन उपयोगी पडेल असं काही हवं आहे. समग्र शिक्षा योजनेतही सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे. ही भीती खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा हक्क कोणालाच नाही. पण नऊ वर्षांची मुलगी धिप्पाड माणसाला ठोशाने लोळवेल, असं पालकांना भासवणं हा विश्वासघात आहे. तिच्या हाती खरोखर असतं ते हात सोडवून निसटणं, ओरडणं आणि पळणं. ढकलली गेली तर भान न हरवता उठणं हा त्याच पळण्याचा भाग आहे. शिवाय हल्ला बहुतेक मुलांच्या वाट्याला कधी येणार नाही, पण सायकलवरून, जिन्यावरून, ओल्या फरशीवर पडणं प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. पट्टे आणि स्पर्धा नसतील तर मुलं टिकत नाहीत आणि दहावी-बारावीचे क्रीडा गुणही स्पर्धांमधूनच मिळतात. पट्टा काढून टाका, असं मी म्हणत नाही. पहिला पट्टा पडण्याच्या परीक्षेवर द्या, मूल तेवढ्याच उत्साहाने मॅटवर हात आपटेल. आणि लहान वयातल्या स्पर्धांची एवढी भलामण करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की 2022 मध्ये अखिल जपान ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण उघड सांगितलं: जिंकण्याच्या हव्यासापायी कोवळ्या मुलांचं वजन उतरवलं जात होतं. ज्या देशाने ही विद्या घडवली, तो पदकं मागे सारू शकतो. आपण मात्र आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला ब्लॅक बेल्ट बांधून त्याच्या बापाकडून शुल्क घेतो.

कार्यकारिणीपुढे मी काही गोष्टी ठेवणार आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पडण्याचा एक सामाईक अभ्यासक्रम, जो कराटे, तायक्वांदो, ज्युदो, कुस्ती सगळ्यांनी मानावा. प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्रात डोक्याच्या इजेची ओळख. मॅटशिवाय फेक शिकवायला बंदी. मसुदा कोणी करायचा, खर्च कुठून आणायचा, शिक्षण खात्याशी कोणी बोलायचं, हे दुपारच्या सत्रात ठरवता येईल. मल्लखांबाच्या शिक्षकांनी त्या सत्राला जरूर थांबावं. खांबावरून उतरणं ते मुलांना पहिल्यापासून शिकवतात, आणि त्यांच्याकडून आपल्याला बरंच घ्यायचं आहे.