सवलतीचे कार्ड : आधी दुकानदाराचा शब्द, मग छपाई
(पुण्यातील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर तुमच्यातल्या एकाने मला विचारले, "गुरुजी, सवलतीचं कार्ड विकायचा धंदा म्हणतात तो कसा असतो? हाताशी दोन हजार रुपये आहेत. जमेल का?" मी म्हणालो, "सगळ्यांच्या समोर सांगतो." म्हणून आज तोच विषय घेतला आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. सारा जन्म शाळेत गेला. व्यापार मी केलेला नाही. पण या धंद्यात एकदा माझा हात पोळला आहे. म्हणून सांगण्याचा थोडा हक्क मला आहे.

आधी धंदा समजून घेऊ. तुम्ही तुळशीबागेत जाता तेव्हा काय करता? भाव करता. दुकानदार शंभर सांगतो, तुम्ही साठ म्हणता, ऐंशीला जमते. ही एकट्याची घासाघीस झाली. आता समजा, पन्नास घरांच्या वतीने एक माणूस दुकानात गेला. म्हणाला, "शेठ, ही पन्नास घरं वर्षभर तुमच्याकडे येतील. त्यांना रुपयामागे दहा पैसे सोडा." दुकानदार हिशेब करतो. गिऱ्हाईक वाढणार, पैसे रोख मिळणार. तो 'हो' म्हणतो. मग त्या घरांची ओळख पटावी म्हणून एक कार्ड द्यायचे. कार्डाचे थोडे पैसे घ्यायचे. ती मधल्या माणसाची कमाई. एवढाच हा धंदा.

एक होऊन खरेदी करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी पैसा पैसा जमवून आपले दुकान काढले. त्यांत बरेच विणकर होते. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या असा थोडाच माल होता. भाव बाजाराचाच ठेवला. पण जो नफा उरला, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने वाटून दिला. आपल्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्यात शेजारपाजारची घरे मिळून संघ करतात. महिन्याच्या मालाची यादी देतात. माल घाऊक येतो आणि घरे तो वाटून घेतात.

पण फरक ध्यानात घ्या. या संस्था लोकांच्या आहेत. कार्डाचा धंदा एकट्याचा असतो. लोक पैसे आधी देतात, सवलत नंतर मिळते. मधल्या काळात लोकांचा पैसा आणि भरवसा एका माणसाच्या हातात असतो.

आता माझा हात कसा पोळला ते ऐका.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असे कार्ड काढले. पोरगा मेहनती. छापखान्यात जाऊन पाचशे कार्डे छापून आणली. रंगीत, चकचकीत. पाठीमागे तीस दुकानांची नावे. किंमत शंभर रुपये. तो माझ्याकडे आला. मी कौतुकाने एक कार्ड घेतले आणि ओळखीच्या चार घरांना सांगितले, "घ्या, आपला मुलगा आहे." त्या चारांत धुणीभांडी करणारी एक बाई होती. दिवाळीला ती पोरांना कपडे घ्यायला गेली. दुकान कार्डावरच्या यादीतले होते. तिने कार्ड पुढे केले. दुकानदार म्हणाला, "कसलं कार्ड? मी कुणाला काही सांगितलेलं नाही." दुकानात गर्दी होती. लोक बघत राहिले. बाई खाली मान घालून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं." मला बोलायला तोंड राहिले नाही.

मुलाला बोलावून विचारले. तेव्हा कळले की तीसपैकी सहा दुकानदारांनी खरा होकार दिला होता. बाकीचे 'बघू', 'या नंतर' म्हणाले होते. त्याने 'बघू' म्हणजे 'हो' असे धरले आणि कार्डे छापली. बाजारात तुरी म्हणतात, ती हीच गत. आम्ही दोघे वही घेऊन निघालो. त्रेसष्ट कार्डे विकली गेली होती. घरोघर जाऊन पैसे परत केले. काही पैसे खर्च झाले होते, ते मी घातले. पहिल्यांदा त्या बाईकडे गेलो.

मुलगा शहाणा निघाला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पण उलट्या क्रमाने. तो क्रम तुम्ही लिहून घ्या.

पहिली गोष्ट. आधी दुकाने, मग कार्ड. एकच पेठ किंवा एकच बाजार धरा. दहा-बारा दुकाने पुरे. चष्मे, कपडे, शिलाई, भांडी, वह्या-पुस्तके अशी निवडा. किराण्यात नफा थोडा असतो. वाण्याकडे मोठी सवलत मागू नका.

दुसरी गोष्ट. दुकानदाराचा होकार कागदावर घ्या. किती सवलत, कोणत्या मालावर, कोणत्या तारखेपर्यंत. खाली त्याची सही आणि शिक्का. सवलत कोणत्या किमतीवर, तेही लिहा. बंद पुडक्यावर जी किंमत छापलेली असते, ती जास्तीत जास्त किंमत असते. त्याहून कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे. सुट्या मालाला मात्र छापील भाव नाही. तिथे आधी भाव चढवून मग सवलत दिली, तर गिऱ्हाईक फसते. म्हणून कार्ड न दाखवता आधी भाव विचारून या.

तिसरी गोष्ट. हिशेब मांडा. समजा, शंभर कार्डे आणि पत्रके छापायला तेराशे रुपये लागले. पावतीपुस्तक आणि वही दोनशे. जाण्यायेण्याला पाचशे. झाले दोन हजार. कार्डाची किंमत साठ रुपये ठेवली, तर चौतीस कार्डे विकल्यावर खर्च निघतो. शंभरही विकली तर सहा हजार येतात आणि चार हजार उरतात. चार हजारांत वर्षाचा संसार चालत नाही. म्हणून हा जोडधंदा समजा. हातचे काम सोडू नका. गिऱ्हाइकाचाही हिशेब बघा. त्याने सहाशेचे कापड घेतले आणि रुपयामागे दहा पैसे सुटले, तर साठ रुपये एकाच खरेदीत वसूल होतात. असे होणार नसेल, तर ते कार्ड विकू नये.

चौथी गोष्ट. पहिले दोन महिने आलेले पैसे खर्चू नका. कुणाला सवलत मिळाली नाही, तर साठ रुपये त्याच दिवशी परत करा. दर महिन्याला दुकानांतून फेरी मारा. दुकान बंद पडले तर घरोघर कळवा.

पाचवी गोष्ट. प्रत्येक कार्डावर क्रमांक आणि मुदतीची तारीख घाला. प्रत्येकाला पावती द्या. खोटी जाहिरात करणे हा ग्राहक संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा १९८६ साली झाला आणि २०१९ साली नव्याने झाला. आणि कुणी म्हणाला, "कार्ड घ्या, आणखी चार माणसं आणा, त्यांच्या पैशांतून तुम्हांला वाटा देतो," तर तिथून उठा. अशा साखळीला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे.

आता गिऱ्हाईक म्हणून एक सांगतो. कुणी तुम्हांला कार्ड विकायला आला, तर ते हातात घेऊन पाठीमागची बाजू वाचा. आता तुम्हांला वाचता येते. यादीतल्या दोन दुकानांत जाऊन विचारा, मग पैसे द्या. फसवणूक झालीच, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ती सरकारची ग्राहकांसाठी सोय आहे.

हा धंदा पुण्यातच चालतो असे नाही. पौड, सासवड, मंचर अशा बाजाराच्या गावीही करता येईल. तिथे तर दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना नावाने ओळखतात. शब्द मोडला तर आठवड्याच्या बाजारात तोंड दाखवता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

ती बाई अजून माझ्या गल्लीत कामाला येते. मुलाने दुसऱ्या वेळी कार्डे काढली, तेव्हा तिने एक घेतले. पण घेण्याआधी दोन दुकानांत जाऊन विचारून आली. मला त्याचा राग आला नाही. बरे वाटले. तुम्हीही तसेच करा.