सलीम अलींच्या नावाचे वटवाघूळ



सलीम अली हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर पक्षी उभे राहतात. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या पक्षितज्ज्ञाचे नाव एका वटवाघळालाही मिळालेले आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ‘लॅटिडेन्स सलीमअली’ हे त्याचे शास्त्रीय नाव. लॅटिडेन्स म्हणजे रुंद दातांचा.

१९४८ साली तमिळनाडूतील मेघमलईच्या डोंगरांत अँगस हटन यांना हे वटवाघूळ सापडले. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आले आणि सर्वत्र आढळणाऱ्या आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाच्या नावाखाली तेथे राहिले. चोवीस वर्षे लोटली. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा त्याला बाहेरून दिसणारी शेपटीच नाही आणि दातांची ठेवणही निराळी आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९७२ मध्ये त्यांनी ही केवळ नवी जातीच नव्हे, तर नवी प्रजाती म्हणून जगापुढे मांडली. (थोंगलोंग्या यांचे स्वतःचे नावही पुढे एका इवल्याशा वटवाघळाला मिळाले.)

याच १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळे, उंदीर व घुशी यांच्या पंक्तीला ‘फळखाऊ वटवाघळे’ सरसकट बसवलेली होती. ते उपद्रवी प्राणी ठरले. त्यांना मारण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही. जातीजातींतला भेद न पाहता केलेली ही नोंद अन्यायाची होती. बागाइतदाराचे नुकसान काही वटवाघळे करतात हे खरे. पण रात्रभर फळे खाऊन रानात दूरवर बी पेरणारेही तेच असतात. सलीम अलींच्या नावाचे वटवाघूळ कालांतराने याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, समाविष्ट झाले. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होती.

या प्राण्याचे दुसरे दर्शन घडण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि तेही त्याच मेघमलईच्या डोंगरांत. तोवर साऱ्या जगाला त्याचा एकच नमुना ज्ञात होता. पुढे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील आणखी काही जागा कळल्या. जागतिक लाल यादीत १९९६ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ असलेली ही जात आज ‘संकटग्रस्त’ या वर्गात आहे. एक पायरी खाली आली म्हणून हायसे वाटून घेण्याजोगे त्यात काही नाही.

गावाच्या वडा-पिंपळावर लोंबणारी मोठी वटवाघळे सर्वांच्या परिचयाची असतात. त्यांचा एक वृक्ष पडला, तर ती दुसरा शोधतात. हे वटवाघूळ मात्र डोंगरातील गुहांत राहते, आणि योग्य अंधार, ओलावा व निवांतपणा असलेली गुहा काही पावलोपावली मिळत नाही. एकाच छताला सारी वस्ती लटकलेली असल्यामुळे, औषधी म्हणून किंवा मांसासाठी शिकार करणाऱ्याला एका फेरीत ती उद्ध्वस्त करता येते. फळखाऊ वटवाघळाच्या मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. त्यामुळे झालेली तूट लवकर भरून निघत नाही.

त्यात अलीकडे भयाची भर पडली. २०१८ मध्ये केरळात निपाहचा उद्रेक झाला. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली. ती वटवाघळे वेगळ्या जातींची. पण लोकांच्या मनात सर्व वटवाघळे एकाच संशयाच्या पोत्यात जातात. उष्टी फळे खाऊ नयेत, गुहांत शिरू नये, ही काळजी रास्त. धूर करून वस्ती उठवणे मात्र घातक, कारण बिथरलेली वटवाघळे पांगून माणसांच्या अधिक जवळ येण्याचा संभव असतो.

उरला प्रश्न अन्नाचा. उंबराच्या कुळातील वृक्षांची व रुद्राक्षाच्या जातभाईंची फळे हा प्राणी खातो. हे वृक्ष जंगलात असतात, तसेच कॉफीच्या मळ्यांतही सावलीसाठी राखलेले असतात. मेघमलईचा परिसर २०२१ पासून व्याघ्र प्रकल्पात मोडतो. परंतु रात्री गुहेबाहेर पडणाऱ्या या जीवाला अभयारण्याची हद्द कोठे संपते आणि मळा कोठे सुरू होतो, याची जाण असण्याचे कारण नाही. मळ्यातील जुना उंबर ठेवायचा की तोडून तेथे चार रोपे अधिक लावायची, हा निर्णय मळ्याच्या मालकाचा असतो.