पारितोषिकाच्या आधीचे साहाय्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आताच या व्यासपीठावर आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. श्रीफळ, शाल, रोख पारितोषिक आणि आपणां सर्वांच्या टाळ्या. आम्हांलाही आनंद झाला. तथापि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमचे चित्त सभागृहात नव्हते. ते या सभेस न आलेल्या एका मुलाकडे लागले होते.

हा मुलगा भुदरगडाकडील एका वाडीवरचा. आठवीपर्यंत शाळा जवळ होती, फी नव्हती, दुपारचे जेवण शाळेतच मिळत असे. नववीसाठी लांबच्या हायस्कुलात जाणे आले. सकाळची एस.टी. चुकली की दिवस बुडे. मुलाच्या आईने आपल्या संस्थेकडे साहाय्यासाठी अर्ज केला. आपल्या नियमाप्रमाणे त्यास शेकडा ७० गुण पाहिजेत. त्याला ५४ होते. अर्ज परत गेला. दिवाळीनंतर तो मुलगा एका गॅरेजात कामास राहिला. अर्ज परत पाठविणाऱ्या समितीत आम्हीही होतो आणि कागदावर आमचीही सही आहे.

ज्या नगरीत आपण हा नियम केला, त्या नगरीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमका उलट धडा घातला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या ध्यानी आले होते की, खेड्यातील मूल बुद्धीने मागे नसते. शहरात त्याला पाठ टेकण्यास जागा नसते आणि दोन वेळचे अन्न नसते. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गास मिळतो, हाही अनुभव त्यांनी घेतला. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम आणि १९०७ मध्ये लिंगायत विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ साली, ज्यांना समाजाने अस्पृश्य म्हणून दूर लोटले होते त्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. महाराजांच्या हयातीतच अशी वसतिगृहे वीसच्या घरात गेली. यांतील काहींच्या इमारती दसरा चौकाच्या आसपास आजही उभ्या आहेत. आपण रोज त्यांच्यावरून जातो आणि वर पाहत नाही, ही गोष्ट निराळी.

दरबाराने जागा दिल्या, अनुदाने दिली; परंतु चालविण्याचा भार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांवर टाकला. मूल आधी राहावयास येई, जेवावयास येई आणि मग शिके. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला, त्यामागेही हीच दृष्टी होती. शाळेत येण्यापूर्वी गुण कोण दाखविणार?

आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल स्नान करावे असा त्यांना आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही आणि वसतिगृह सोडावे लागले. मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले नाहीत. आपल्या समितीपुढे त्यांचा अर्ज आला असता तर काय झाले असते, हे आम्ही बोलत नाही! त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. त्या माउलीने कोणाची गुणपत्रिका मागितली नाही.

कोणी म्हणेल, आता सरकार आहे. आहे, आणि त्याचे श्रेय द्यावे. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा सहा ते चौदा वर्षांची. शाळेतील पोषण आहारही आठवीशी थांबतो. गरिबाचे मूल गळते ते नेमके त्याच उंबरठ्यावर. आठवीत एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झालेल्या मुलास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आपल्या किती घरांना ती ठाऊक आहे? उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, अर्जाची मुदत, या तीन गोष्टी वेळेवर जमवून देणारा एक जाणता माणूस प्रत्येक तालुक्यात नेमला, तरी मोठे काम होईल. त्यास पैसा लागत नाही, सवड लागते.

पैशाविषयी आमचे म्हणणे असे. पारितोषिके बंद करू नयेत. मुलांची उमेद त्यांत आहे. मात्र शाल, हार आणि या भोजनावर होणारा खर्च निम्मा करून ती रक्कम नववी-दहावीच्या मुलांचा एस.टी. पास, खाणावळीचे बिल आणि पुस्तके यांसाठी ठेवावी. ती जूनमध्ये द्यावी, आजच्यासारखी डिसेंबरात नव्हे. गुणांची अट काढून हजेरीची अट घालावी. आणि हे साहाय्य व्यासपीठावर कदापि देऊ नये. छायाचित्रासाठी लिफाफा हाती धरून उभे राहिलेल्या मुलाचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आठवड्यातील एका दिवसाचे एका विद्यार्थ्याचे जेवण पत्करावे. वार लावून शिकलेली माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर होती; हा प्रकार आपणांस नवा नाही. संस्थेचा वरचा मजला लग्नसराई सोडल्यास रिकामाच असतो. तेथे संध्याकाळी दिवा लावून अभ्यासिका चालवावी. तेथे शेजारच्या चाळीतील मूल आले तर त्यास जात विचारू नये. भाऊरावांच्या जिल्ह्यात तरी तो प्रश्न शोभत नाही.

उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे गुणांची अट काढण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी जरूर यावे आणि बोलावे. त्या मुलाच्या आईस आम्ही पत्र लिहिले आहे. नववीस पुन्हा नाव घालण्याची मुदत अजून गेलेली नाही.