आकार मोठा म्हणजे विष मोठं?

ॲमेझॉनच्या जंगलात हिंडताना तळहाताहून मोठा कोळी दिसला की छातीत धस्स होतं; पण आकारावरून विषाचा अंदाज बांधणं चुकीचं आहे. गोलायथ बर्डईटर हा वजनाने जगातला सर्वांत मोठा कोळी. पाय पसरल्यावर तो 28-30 सेंटिमीटर भरतो, तरी त्याचा दंश साधारण गांधीलमाशीच्या डंखाइतकाच त्रासदायक. खरा ताप त्याच्या पोटावरच्या बारीक केसांचा! डिवचलं की मागच्या पायांनी तो ते हवेत उडवतो, आणि डोळ्यांत गेले तर ते फार चुरचुरतात. म्हणजे जवळ जाऊन फोटो काढणं हाच मोठा धोका.

कोणी म्हणेल, ब्राझीलमधला भटका कोळी तर जहाल विषारी आहे ना? आहेच. पण तो गोलायथच्या जेमतेम निम्मा भरतो. त्याच्या विषावरचा उतारा साओ पावलोच्या बुटांटान संस्थेत तयार होतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यू विरळाच. तो दिवसा केळीच्या झाडांत, लाकडांच्या ढिगात, कधी बुटांतही दडतो. बहुतेक दंश नकळत तिथे हात-पाय घातल्याने होतात. तेव्हा तिकडे गेलात तर बूट झटकूनच घाला, आणि दंश झालाच तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.